अंगठ्याखालची हवा

दार उघडेना. शामलाबाईंनी किल्ली नीट फिरवली होती, आतून कडीही नव्हती, तरी दार बोटभर आत जाई आणि परत येई. अडकलेलं दार असं वागत नाही. ते एका जागी हट्टानं थांबतं. हे दार ढकललं की मऊपणे आत जाई आणि तितक्याच मऊपणे त्यांना मागं लोटी. आत कुणी मोठं, पोट भरलेलं जनावर दाराला टेकून निजलं असावं आणि त्याचा श्वास चालू असावा, तसं. त्यांनी भाजीची पिशवी पायरीवर ठेवली. नागपूरच्या प्रताप नगरातल्या या घरात त्या राहायला आल्या तेव्हा दामिनी कडेवर होती. तेव्हापासून हे दार त्या उघडत आल्या होत्या आणि ते उघडेल की नाही असा विचार त्यांनी कधी केला नव्हता. आज पहिल्यांदा वाटलं, आपल्याला आत घ्यावं की नाही याचा घर विचार करतंय. ही कल्पना त्यांना भीतिदायक वाटली नाही, थोडी गमतीचीच वाटली. 

"थांब आई, जोरानं नको ढकलू वं! फाटन ते!" आतून दामिनी ओरडली. मग काही तरी घासत सरकल्याचा आवाज आला, दार अर्धं उघडलं, आणि शामलाबाई पिशवी छातीशी धरून तिरप्या होऊन आपल्याच घरात शिरल्या.

हॉलमध्ये हॉल उरला नव्हता. केशरी आणि निळ्या रंगाचं एक प्रचंड कापड सोफ्यावरून चढून टीव्हीच्या डोक्यावर गेलं होतं. त्याच्या कडेनं मांडीएवढी जाड नळी टणक फुगून कमानीसारखी वाकली होती. तिचं एक टोक पंख्याला टेकलेलं आणि दुसरं, मघाशी दाराला लोटणारं, आता चपलांच्या रॅकवर. खिडकीतून आलेलं ऊन त्या कापडातून गाळून पडत होतं, त्यामुळे भिंतीवरचा सासऱ्यांचा फोटोसुद्धा केशरी झाला होता आणि आयुष्यभर कपाळाला आठ्या घालून वावरलेले ते गृहस्थ पहिल्यांदाच थोडे खुशीत दिसत होते. वास मात्र घराचा नव्हता. रबराचा, वाळलेल्या मिठाचा, आणि त्याखाली कुठं तरी सडलेल्या शेवाळाचा तो वास होता. दामिनीचा हा पतंग त्यांनी बाहेर, समुद्रावरच्या आभाळाखाली पाहिला होता. तिथं तो एवढासा वाटला होता.

दामिनी फरशीवर मांडी घालून बसली होती. पुढ्यात साबणाच्या पाण्याची बादली, हातात भांडी घासायचा स्पंज. "हवा जाऊन राहिली कुठून तरी," ती म्हणाली. "काल टाइट भरला होता, सकाळी पाहतो त पिचकलेला. साबण लावून पाहून राहिली, बुडबुडे येतीन तिथं भोक. सायकलच्या ट्यूबसारखंच." मग स्पंज पिळत, पतंगाकडेच पाहत म्हणाली, "उद्या गाडी आहे. आज सापडलं त पॅच मारतो. नाही सापडलं त जाणं कॅन्सल. हवा सोडणारा पतंग घेऊन समुद्रात नाही जात मी. एवढी काही पागल नाही."

शामलाबाईंनी पिशवी स्वयंपाकघरात नेली. सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडून पाण्यात ठेवायचा होता, तो त्यांनी तसाच ओट्यावर ठेवला. नाही सापडलं तर कॅन्सल. वाक्य साधं होतं, पण ते त्यांच्या कानात बाकीच्या वाक्यांपासून सुटं होऊन पडलं, धान्यातून खडा बाजूला काढावा तसं. त्यांनी पदर खोचला, मोरीतून दुसरा स्पंज घेतला आणि पतंगाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसल्या. आता दोघींच्या मध्ये कापड होतं. मुलगी त्यांना नुसती सावली म्हणून दिसत होती, केशरी भिंतीवर हलणारी.

दामिनी किनारे शोधते, असं त्या लोकांना सांगत. कारण ती स्वतःला पतंगाला बांधून घेते आणि फळीवर उभी राहून पाण्यावरून जाते, असं सांगितलं की पुढचे प्रश्न सुरू होत. पुण्याच्या कंपनीचं काम ती घरून करायला लागली तेव्हा मधुकररावांना, म्हणजे शामलाबाईंच्या यजमानांना, वाटलं होतं की पोरगी आता घरी राहील. ती घरी राहिली, पण तिचं डोकं समुद्रावर. दुपारी काम संपलं की ती लॅपटॉपवर उपग्रहातून काढलेलं किनाऱ्याचं चित्र उघडी आणि ते इतकं मोठं करी की माडांच्या सावल्या दिसत. "हे पाह्य आई, ही पांढरी रेघ इथं तुटली न? इथं पाण्याखाली वाळूचा उंचवटा आहे. लाट त्याच्यावर चढते अन् मंग फुटते. अशी लाट फळीले मस्त. अन् किनारा असा वळला आहे, मतलब वारा तिरपा भेटन. सरळ जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा असला त मी पतंग पिशवीतून काढतच नाही, जागा कितीही भारी असो. तो वारा घेऊन जातो, आणून नाही देत." हे ती इतक्या संथपणे, बोट ठेवत ठेवत सांगे की शामलाबाईंना पहिलीच्या वर्गातला आपलाच आवाज ऐकू येई. त्यांनी आयुष्यभर पहिलीला शिकवलं. त्यांना वरचे वर्ग देऊ केले होते, त्यांनी घेतले नाहीत.

तिनं शोधलेल्या जागांना नावं नसत. किंवा असतीलही, पण ती तिथल्या कोळ्यांना ठाऊक, नकाशाला नाही. दामिनी मग फोनवर खूण करताना नागपूरचीच नावं ठेवी. दोन काळे खडक वीज केंद्राच्या धुराड्यांसारखे उभे होते त्या वाळूचं नाव खापरखेडा. जिथं लाट म्हणून येत नाही, नुसतं पाणी हलतं, ते प्रताप नगर. एकदा ती फोनवर कुणाला तरी म्हणाली, "खापरखेड्याले उद्या मोठं पाणी आहे," तर मधुकरराव जेवता जेवता थांबले. "काहून वं, कन्हानले पूर आला का काय?" त्या दिवशी तिघंही पुष्कळ हसले होते. हसताना शामलाबाईंच्या मनात आलं होतं की हिनं आपलं सगळं गाव उचलून समुद्राच्या काठाला नेऊन ठेवलं, आता इथं परत यायचं कारण तरी काय उरलं.

आताची जागा आंध्र संपून ओडिशा सुरू होतो त्या बाजूची. एक नदी समुद्राच्या अगदी जवळ येते आणि वळते, वाळूच्या एका लांब जिभेच्या मागून पुष्कळ अंतर चालत राहते, आणि मग मिळते. त्या जिभेवर रस्ता नाही, घर नाही, झाड नाही. अलीकडच्या गावातून नावेनं उतरायचं. तिथून पुढं सगळं रिकामं. यापूर्वी अशा जागी तिच्याबरोबर अंकित असे, कंपनीतला, साताऱ्याकडचा मुलगा. तो कॅनडाला निघून गेला. त्याच्याबरोबर दामिनीचं आणखी काही गेलं की नाही, हे शामलाबाईंनी विचारलं नव्हतं. पण एक गोष्ट गेली हे त्यांना ठाऊक होतं. पतंग वर चढवायला दुसरं माणूस लागतं. ते दूर उभं राहून पतंग धरतं, आणि दोऱ्या ताणल्या गेल्या, कापड वाऱ्यानं भरलं, उडवणारानं अंगठा दाखवला, की सोडतं. माणूस नसलं तर पतंगाचं एक टोक वाळूनं दाबून एकट्यानंही करता येतं. "नीट झालं त झालं," दामिनी म्हणाली होती. नीट नाही झालं तर काय, हे ती म्हणाली नव्हती. शामलाबाईंनी ते पाहिलेलं होतं.

गेल्या आठवड्यात त्या गहू निवडत होत्या तेव्हा ती जवळ येऊन बसली होती आणि एकदम म्हणाली होती, "तूच ये न आई. छुट्टी द्यायले." शामलाबाईंनी वर न पाहता "नाही" म्हटलं होतं. गव्हात त्या दिवशी खडे नव्हतेच.

छुट्टी देणं हा शब्द त्यांनीच तिला दिला होता. त्यांचं माहेर पारशिवनीजवळचं, घरची शेती. कापसाची पऱ्हाटी उपटून वावर मोकळं झालं की मोठा भाऊ मारोत पतंग घेऊन निघे आणि शामला त्याच्यामागं. दोरा मारोतच्या हातात. पोरीच्या हाती दोरा देत नसत. कुणी तसा नियम केला होता असं नाही, जसं कुणी पोरीला बैलगाडीचा कासरा देत नसे तसंच. पोरीचं काम छुट्टी देणं. "जा शामे, दूर जा. अजून दूर." ती पतंग दोन्ही हातांनी डोक्यावर धरून ढेकळांतून उलट्या पावली जाई. पायाला खुंटं टोचत. दोरा ताणला जाई, आणि मग एक क्षण येई. पतंग अजून तिच्या हातात आहे, पण त्यानं ओढायला सुरुवात केली आहे, बोटांना अगदी बारीक, मांजराच्या पिल्लानं पदर ओढावा इतकं. तेव्हा मारोत ओरडे, "दे!" आणि ती टाचा उचलून, अंग ताणून, होता नव्हता तेवढा जोर करून पतंग वर फेकी. जितका उंच फेकला तितकी शाबासकी. त्यानंतर पतंग मारोतचा. ती तिथंच, वावराच्या त्या टोकाला, हात वर करून उभी राही. परत ये म्हणून कुणी हाक मारत नसे, आणि आपणहून परत जायला काही कारणही नसे.

पुढं शाळेत, पोरांचा हात हातात घेऊन पाटीवर 'ग' गिरवून घेताना त्यांना तो क्षण पुन्हा पुन्हा भेटला. चिमुकली मूठ आधी नुसती त्यांच्या मुठीत पडून असे, गरम आणि घामेजलेली, आणि मग कधी तरी ती आपणहून वळायला लागे. ते ओढणं कळलं की त्या हात काढून घेत. वरचे वर्ग त्यांनी घेतले नाहीत ते त्या ओढण्यासाठी. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं ते काही वाटत नव्हतं.

"काय हो बाई, पोरीच्या लगनाचा मांडव घरातच टाकून राहिल्या का?" अर्ध्या उघड्या दारातून शेजारच्या रुपरावांचं डोकं आत आलं. रुपराव खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. त्यांना दिवसभर कुठं तरी डोकं आत घालावं लागे.

"मांडवात या न काका," पतंगाखालून दामिनी म्हणाली, "पण चपला बाहेर काढा."

"पतंग आहे का वं हे? अरे बापा! याले मांजा कोणता लावते तू?"

"मांजा नाही काका. मीच लागलेली असतो याले."

"मंग काटते कोण?"

"कोणीच नाही काटत."

"मंग मजा कायची?" रुपराव खरोखरच विचारात पडले. मग शामलाबाईंकडे वळून, डोळा बारीक करून म्हणाले, "कटली त सांगजा बाई. आमी येतो लुटाले." स्वतःच्याच विनोदावर ते जिन्यापर्यंत हसत गेले. दामिनीही हसली. शामलाबाईंचा स्पंज मात्र एकाच जागी फिरत राहिला. फेसात खिडकीच्या छोट्या छोट्या चौकटी दिसत होत्या, एकेक फुटत होती. कटलेल्या पतंगामागं धावणारी पोरं त्यांना आठवली. वर बघत, ठेचा खात, कुंपणं ओलांडत. कटलेला पतंग कुणाचाच नसतो, ज्याच्या हाताला लागेल त्याचा. पोरं कधी खाली बघत नसत.

शामलाबाई एकदाच समुद्रावर गेल्या होत्या, पश्चिमेच्या किनाऱ्यावर, तेव्हा त्यांनीही असंच वर बघितलं होतं. अंकितला सुट्टी मिळाली नव्हती म्हणून दामिनी त्यांनाच घेऊन गेली होती. जांभ्या दगडाचा उतार उतरून गेल्यावर एकदम वाळू, सुरूची थोडी झाडं, ओढून ठेवलेली एक होडी आणि लांबवर जाळं झटकणाऱ्या दोन बायका. समुद्र त्यांना मोठा वाटण्याऐवजी बेपर्वा वाटला होता. शाळा सुटल्यावरच्या पटांगणासारखा, कुणासाठी नाही आणि कुणावाचून अडलेला नाही. दामिनीनं त्यांना पतंग कसा धरायचा ते दाखवलं, किती तरी वेळा. "मी अंगठा दाखवला की सोड. बस." त्यांनी मान डोलावली. मग ती दूर गेली, दोऱ्या ताणल्या गेल्या, कापडाची फडफड थांबली, आणि ते ओढणं आलं. या खेपेला मांजराच्या पिल्लाचं नव्हे. पण त्यांच्या हातांनी ते ओळखलं. लांबवर अंगठा वर झालेला दिसला, आणि त्यांनी टाचा उचलून, अंग ताणून, सगळा जोर करून पतंग वर फेकला.

असले पतंग फेकायचे नसतात. फेकला की दोऱ्या सैल पडतात, पतंग भरकटतो, आणि दोऱ्या पुन्हा ताणल्या जातात तेव्हा तो भलतीकडे, वाऱ्याच्या ऐन तोंडात असतो. हे सगळं दामिनीनं नंतर सांगितलं. तेव्हा शामलाबाईंना एवढंच दिसलं की पतंग वर गेला, सुंदर गेला, गिरकी घेऊन उलटीकडे कोसळला, आणि त्यांची मुलगी पायांवर होती ती एकदम नव्हती. वाळूवर एक रेघ उमटत गेली, लांब, सरळ, होडीच्या दिशेनं. होडीच्या अलीकडे दामिनीनं कसला तरी खटका ओढला आणि पतंग मेल्यासारखा पडला. शामलाबाई धावल्या नाहीत. वावराच्या टोकाला उभ्या राहिल्यासारख्या हात वर करून उभ्याच राहिल्या. जाळ्यावाल्या बायका आधी पोचल्या. खांदा निखळला होता. दातांत वाळू, आणि दामिनी हसत होती. "आई, फेकायचा नसतो गं," ती म्हणाली, घरची बोली सोडून पुण्याची मराठी बोलली, कारण फार दुखत होतं आणि ते आईला कळू द्यायचं नव्हतं. खांदा बसला, जखमा भरल्या. शामलाबाई पुन्हा कधी समुद्रावर गेल्या नाहीत. दामिनी जातच राहिली.

फोन वाजला. मधुकरराव पारशिवनीहून बोलत होते, सासरचं वावरही तिकडंच होतं आणि शनिवार-रविवार ते तिथं असत. मागं पाण्याचा आवाज येत होता.

"निघाली का ते?"

"उद्या. पतंगातून हवा जाऊन राहिली. भोक सापडलं नाही त जात नाही म्हणते."

"मंग नको सापडू देऊ," मधुकरराव हसून म्हणाले. "मी पाणी लावून राहिलो मिरचीले. ठेवतो."

त्यांनी फोन ठेवला, पण त्यांचं हसू हॉलमध्ये राहिलं. कापडापलीकडची सावली आता उठून टीव्हीच्या बाजूला गेली होती. शामलाबाईंनी पुन्हा स्पंज भिजवला आणि जाड नळीच्या खालच्या अंगाला, जिथं हवा भरायचं तोंड शिवलेलं होतं, तिथं फिरवला. फेस आला, बसला. मग एका टाक्याच्या पोटातून एक बुडबुडा वर आला. अगदी लहान. तो मोठा झाला, थरथरला, फुटला. त्याच जागी दुसरा आला. त्यांनी जवळ जाऊन पाहिलं. बुडबुड्यात त्यांचा चेहरा होता, उलटा आणि केशरी. आणि काही एक न ठरवता, ओट्यावर सांडलेलं दूध पुसायला हात जावा तसा त्यांचा अंगठा पुढं गेला आणि त्या टाक्यावर बसला.

अंगठ्याखाली हवा लागत होती. थंड, सुईच्या टोकाएवढी, सारखी. घरातले बाकीचे आवाज एकदम स्पष्ट झाले. फ्रिज घुमत होता. बाहेर कुणी स्कूटी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. शामलाबाईंना स्वतःचं आश्चर्य वाटलं नाही. त्या शांतपणे स्वतःकडे बघत होत्या. एक बाई फरशीवर बसली आहे, तिनं अंगठा एका जागी दाबून धरला आहे, आणि तो तिनं धरून ठेवला तर उद्याची गाडी तिच्या मुलीशिवाय जाईल, इतकंच. उद्या काही होणार नाही. परवाही होणार नाही. वाळूवर रेघ उमटणार नाही. फार सोपं होतं. एखाद्या गोष्टीला थांबवायला इतकी कमी ताकद लागते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"तिकडं आहे का काही?" दामिनीनं विचारलं.

"पाहून राहिली," शामलाबाई म्हणाल्या. ते खोटं नव्हतं.

दामिनी कमानीखालून वाकून या बाजूला आली. केस ओले, हात कोपरापर्यंत फेसाचे. तिनं त्या कोपऱ्यावरून नजर फिरवली. आईचा हात पतंगाला टेकलेला होता, टेकायला काही तरी लागतंच माणसाला. मग ती भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि तिनं स्पंज बादलीत टाकला. "नाही सापडत. जाऊ दे. कॅन्सल करतो मी तिकीट."

आणि तेव्हा शामलाबाईंना तिचा चेहरा दिसला. त्यांना वाटलं होतं तिथं निराशा असेल. तिथं निराशा नव्हती. खांदे खाली आले होते, ओठ सैल पडले होते, पापण्या जड झाल्या होत्या. हा चेहरा त्यांनी हजारदा पाहिला होता. फळ्याकडे जायची पाळी आपली, आणि तेवढ्यात घंटा झाली, की पोराचा चेहरा असा होतो. पोराला येत नसतं असं नाही. बहुतेक वेळा येत असतं. घंटेनं वाचवलं याचा आनंद त्याला होतो, आणि त्या आनंदाची लाजही तिथंच, डोळ्यांच्या कडेला, येऊन बसते. म्हणजे हिलाही भीती वाटते. इतके दिवस सोबत राहून हे त्यांना दिसलं नव्हतं, कारण त्यांनी आपलीच भीती एवढी मोठी फुगवून मध्ये ठेवली होती. आता त्यांच्या अंगठ्याखाली दोघींना हवं असलेलं उत्तर होतं, आणि कुणाला कधी कळणार नव्हतं. घंटा झाली म्हणून सुटलेल्या पोराला त्या दुसऱ्या दिवशी रागावत नसत. सकाळी पहिलं नाव त्याचं घेत, एवढंच. आणि उत्तर त्या कधीच सांगत नसत.

त्यांनी अंगठा उचलला.

"दामिनी," त्या म्हणाल्या, "या बाजूनं एकदा परत पाह्य."

"पाहिलं न आई."

"घाईनं पाहिलं. परत पाह्य. सावकाश."

तो आवाज ऐकून दामिनी उठली. त्या आवाजाला ती लहानपणी उठत असे तशीच उठली, कुरकुरत पण सरळ. तिनं स्पंज पिळला, नळीवर हळूहळू फिरवत आणला. शामलाबाई बाजूला सरकून हात मांडीवर ठेवून बसल्या. त्यांनी त्या टाक्याकडे पाहिलं नाही, मुलीच्या हाताकडे पाहिलं. हात टाक्यापाशी आला, पुढं गेला, थांबला, मागं आला. बुडबुडा वर आला.

दामिनीनं त्या जागी बोट ठेवलं. मग तिनं आईच्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. त्याच्यावर टाक्याची नक्षी उमटली होती.

"तुले सापडलं होतं."

"हो."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं त तू गेली असती."

"अन् आता काहून दाखवलं?"

शामलाबाईंनी विचार केला. याचं उत्तर लांब होतं आणि त्यात वावर होतं, फळा होता. "आता तुलेच सापडलं," त्या म्हणाल्या.

दामिनी हसली नाही. तिनं ती जागा पुसली, पेन्सिलीनं गोल केला, हवा सोडली. हॉलभर तो केशरी डोंगर हळूहळू बसत गेला आणि सोफा, टीव्ही, टेबल आपापल्या रंगात परत आले. तिनं आतली ट्यूब ओढून काढली, सोल्यूशन लावलं, चकती दाबून वर वरवंटा ठेवला. शामलाबाईंनी सांबार निवडला. चहा झाला. दुपार कलली तेव्हा पतंग पुन्हा फुगवला आणि दोघी त्याच्या दोन बाजूंना बसून नुसती वाट पाहत राहिल्या. तो टणकच राहिला.

"मले भीती वाटून राहिली आई," दामिनी पतंगाकडे पाहत म्हणाली. "एकट्यानं चढवायची."

"दिसली मले."

"तरी जाईन मी."

"हो."

बाहेरची स्कूटी एव्हाना कुणी ढकलत घेऊन गेलं होतं. शामलाबाईंनी चहाची कपबशी बाजूला ठेवली. "येतो मी तुझ्यासंग, छुट्टी द्यायले," त्या म्हणाल्या. "पण एक सांगून ठेवतो. फेकणार नाही असं मी म्हणत नाही. डोक्यानं ठरवलं तरी हात ऐकतीनच असं नाही."

"फेकलं त?"

"त तू ओढली जाशीन."

दामिनीनं आईकडे पाहिलं. इतकं सरळ तिला आजवर कुणी काही सांगितलं नसावं. मग ती उठली, सोफा भिंतीला लोटला, टेबल आत नेलं. "चल, उभी राह्य. आत्ताच पाहू." तिनं पतंग एका टोकावर उभा केला. तो पुरता मावत नव्हता, वरचं टोक छताला टेकून वाकलं. तिनं आईचे हात धरून जाड नळीवर ठेवले आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागं गेली, नसलेल्या दोऱ्या हातात धरून. अंगठा वर केला.

शामलाबाईंच्या टाचा उचलल्या गेल्या. पतंग छताला थडकला आणि पंख्याचं पातं डुलायला लागलं.

"चुकलं," दामिनी म्हणाली. "टाचा खाली. परत."

परत चुकलं. या वेळी टाचा राहिल्या, पण खांदे वर गेले.

"हात उचलूच नको वं. तो स्वतः जाते. परत."

किती वेळा झालं कुणास ठाऊक. दामिनीचा आवाज चढला नाही, उतरला नाही. शेवटी एकदा अंगठा वर झाला आणि शामलाबाईंनी नुसती बोटं उघडली. हॉलमध्ये वारा नव्हता. पतंग कुठंच गेला नाही, थोडासा कलून त्यांच्याच खांद्याला टेकला.

"असंच?" त्यांनी विचारलं.

"असंच. बस."

शामलाबाई बोटं उघडी ठेवून उभ्या राहिल्या. सोडायचं म्हणजे याहून जास्त काही तरी करावं लागतं, असं त्यांना आजवर वाटत आलं होतं.